ऑप्शन कळला नाही तर प्रोग्रॅमने थांबायला हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयटी म्हटलं की पेपरात हिंजवडीचं ट्रॅफिक नाहीतर पगार एवढंच येतं, पण आमच्या रोजच्या कामातल्या एका गोष्टीबद्दल, म्हणजे चुकीचा ऑप्शन (कमांडपुढे लिहायची सूचना) प्रोग्रॅमने गपचूप सोडून देण्याबद्दल, बोलायलाच हवं, म्हणून हे पत्र.

मी पूर्वी जिथे होते तिथे जुन्या फाइली डिलीट करायचं एक टूल होतं. कमांडपुढे जे ऑप्शन देतो ते वाचायचा कोड कोणीतरी हाताने इफ-एल्स (असं असेल तर हे, नाहीतर ते) करून लिहिलेला, मग येईल त्याने त्यात आपलं ठिगळ लावलेलं, आणि अनोळखी ऑप्शन आला तर टूल गपचूप पुढे जायचं. एका ज्युनिअरने ड्राय-रन लिहिताना मधला डॅश गाळला. त्याला नुसतं बघायचं होतं की कुठल्या फाइली जातील, टूलने तो शब्द सोडून दिला आणि फाइली खरंच उडवल्या. बोलणी त्या पोराने खाल्ली, कोडला कोणी काही विचारलं नाही, याचा मला अजून राग येतो.

अहो, यासाठी आयतं सगळं आहे. सी भाषेत ऑप्शन वाचायला गेटऑप्ट आहे, पायथन भाषेत २०१० च्या २.७ आवृत्तीपासून त्याच कामाचं आर्गपार्स आहे, अनोळखी ऑप्शन दिसला की आर्गपार्स एरर देऊन एक्झिट कोड २ ने (म्हणजे काम बिघडल्याची खूण देऊन) बाहेर पडतं, काम सुरूच होत नाही. फक्त ते लांब ऑप्शनचं अर्धवट नावही चालवून घेतं, उद्या त्याच अक्षरांनी सुरू होणारा नवा ऑप्शन आला की जुनी स्क्रिप्ट अडकते, म्हणून ती सवलत बंद करावी, पायथन ३.५ पासून तशी सोय आहे.

आणि असल्या कोडची साफसफाई म्हणजे ऑप्शनची जुनी नावं एका रात्रीत काढून टाकणं नव्हे, कुठल्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) ती बसलीयत कोणाला माहीत! जुनं नाव चालू ठेवा, वॉर्निंग द्या, पण ती स्टँडर्ड एररवर (चुका दाखवायच्या वेगळ्या वाटेवर), कारण नेहमीचं आउटपुट दुसरी स्क्रिप्ट वाचत असते. एकदा रुळलेलं नाव सहज बदलत नाही: एसएसएचला (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची कमांड) पोर्टचा, म्हणजे जोडणीचा, नंबर द्यायला लहान पी आणि एससीपीला (फाइली कॉपी करायची कमांड) कॅपिटल पी, कारण तिथे लहान पी फाइलची मूळ वेळ जपायला आधीच गेलेला, हे आपण सगळे अजून निभावतोच आहोत.

मॅनेजर मंडळींना कळकळीची विनंती, 'चालतंय ना, मग हात लावू नका' असं म्हणू नका. स्प्रिंटमध्ये (टीमच्या कामाच्या ठरलेल्या टप्प्यात) या कामाला एक तिकीट द्या, म्हणजे त्याची कामांत रीतसर नोंद करा, आणि पहिली टेस्ट चुकीच्या स्पेलिंगच्या ऑप्शनची लिहायला सांगा.

एक वाचक, वारजे, पुणे