बांधावरचा तेरडा आणि माझी एन्ट्री

प्रिय चिमे,

फोनवर दोनदा सांगायला गेले आणि दोन्ही वेळा तुझं ऑफिस मधे आलं, म्हणून आता सगळं लिहूनच काढते. अगं मी मिक्स्ड मीडियाच्या एका स्पर्धेत भाग घेतेय. कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदाच. विषय आहे 'ऋतू', साईज १८ बाय २४ इंच, आणि निदान तीन वेगवेगळी माध्यमं वापरायची.

ऋतू म्हटल्यावर पहिल्यांदा डोक्यात आला आपला नाशिकजवळचा अंजनेरीचा डोंगर. तिथे कंदीलपुष्पाची एक जात सापडते जिला शास्त्रीय नावच अंजनेरीवरून दिलंय, तुला आठवत असेल आपण कॉलेजात असताना ते फूल शोधत भर पावसात वर चढलो होतो आणि शेवटी नुसती सोनकी बघून खाली आलो. पण ते इतकं दुर्मिळ झाड, त्याच्यावर आपलं चित्र उभं करायचं म्हणजे लोकांना तिकडे आणखी बोलावणंच झालं. ते मला नको होतं. मग आषाढात गिरणाऱ्याला मामांच्या शेतावर गेले होते, तिथे सोयाबीनमधे निंदणी चालू होती आणि बायका उपटलेलं तण बांधावर फेकत होत्या. त्या ढिगाकडे बघत उभी राहिले आणि तिथेच ठरलं, की जे निंदणीत निघेल तेवढंच घ्यायचं, मुद्दाम एकही झाड तोडायचं नाही.

तेव्हापासून जवळपास प्रत्येक रविवारी त्याच बांधाच्या साधारण दहा पावलांच्या तुकड्यावर जाऊन बसतेय. वही घेऊन. आणि खरं सांगू, इतकी वर्षं नाशकात राहून मी ही झाडं पाहिलीच नव्हती असं वाटायला लागलंय. टाकळा घे. त्याची भाजी आपण दोघींनी खाल्लीय, पण संध्याकाळी त्याची पानं जोडीजोडीने मिटतात हे मी यंदा पाहिलं, सहा-साडेसहाला बसले होते आणि बघता बघता अख्खा बांध बारीक झाल्यासारखा दिसायला लागला. केना तर सकाळी निळाशार आणि दुपारी बारापर्यंत फूल विरघळल्यासारखं मऊ होऊन संपलेलं. पण त्याची खरी गंमत मातीखाली आहे, त्याला जमिनीतसुद्धा फुलं येतात, न उमलणारी, आणि तिथेच बी धरतं! निंदणीत उपटलेल्या एका केन्याला मुळांपाशी ती फिकट फुलं दिसली, मी निंदणाऱ्या मावशींना दाखवली तर त्या म्हणाल्या, म्हणूनच तर ह्यो मेला मरत नाही.

आता चित्राकडे येते. एमडीएफचा बोर्ड घेतला, त्यावर जेसोचे, म्हणजे चित्राखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात. त्यावर त्याच शेतातली काळी माती चाळून फेविकॉलमधे कालवून लावली. पहिल्यांदा जाड लावली तर वाळताना तडकली आणि पापुद्रे सुटले, काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसते, शेतात भेगा पडतात तसंच माझ्या बोर्डावर झालं. मग सगळी खरवडून पातळ पातळ तीन थर दिले, फेविकॉल वाढवला, आता भेगा आहेत पण बारीक आहेत आणि माती धरून आहे. त्या भेगा मी ठेवल्यात, वैशाख दाखवायला मला दुसरं काही नकोच.

त्यावर कुर्डू चिकटवला. कुर्डूसारखं गुणी झाड नाही बघ. त्याचं फूल मुळातच कागदासारखं कोरडं, शेंड्याला गुलाबी आणि खाली उतरत पांढरं, वाळल्यावरसुद्धा जवळपास तसंच राहतं. बाकीच्यांनी मात्र रडवलं. श्रावणातल्या दमटपणात वर्तमानपत्रात दाबलेल्या पानांना चौथ्या दिवशी बुरशी. अर्धा गठ्ठा फेकला. मग रोज सकाळ-संध्याकाळ कागद बदलायला लागले आणि शेवटी सुती कापडाखाली ठेवून हलकी इस्त्री फिरवली, तेव्हा कुठे आघाडा आणि टाकळा नीट वाळला. गाजरगवत चिकटवलं नाही, त्याने माझ्या हाताला पुरळ येतं, पण ते बांधावर आहे तर चित्रातही पाहिजेच, म्हणून पांढऱ्या शाईने काढलं. १९५०च्या दशकात ते पुण्यात लोकांच्या लक्षात आलं, बाहेरून आलेल्या गव्हातून आलं असं म्हणतात, आणि आज आपल्याकडे ते नाही असा एक बांध दाखव.

आणि तेरडा. चिमे, सगळं पत्र खरं तर तेरड्यासाठी आहे. भाद्रपदात बांधाची एक कड पूर्ण गुलाबी झाली होती. गौरीसाठी बायका मुळासकट नेत होत्या, त्यांच्याकडूनच गळलेली फुलं मागून घेतली. पाकळीत नुसतं पाणी असतं, दाबली की तपकिरी होते. म्हणून जाड कागद तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवला, त्यावर फूल पालथं ठेवलं, वर बटर पेपर आणि हातोडीने हलके ठोके. पाकळीची शीर न् शीर उमटली गं, गुलाबी जरा जांभळट झाला पण इतका जिवंत की मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. आजी म्हणाली, तेरड्याचा रंग तीन दिवस. तीन दिवस नाही, पण तिसऱ्या आठवड्यात रंग खरंच उतरला, खिडकीजवळचा तर राखाडीच झाला.

मी दोन रात्री झोपले नाही. अॅक्रिलिकने गुलाबी परत भरावा का? भरलासुद्धा एका कोपऱ्यात, आणि ते इतकं खोटं दिसलं की ओल्या फडक्याने लगेच पुसलं. मग असं केलं की दर रविवारी एक ठसा घ्यायचा आणि शेजारीशेजारी लावायचा. आता सहा आहेत, डावीकडचा जवळजवळ गेलेला आणि उजवीकडचा परवाचा, बांधावर उरलेल्या शेवटच्या फुलांचा. स्पर्धा संपेपर्यंत तोही फिका होईल. परीक्षकांना ते चालेल की नाही माहीत नाही, पण मला हेच दाखवायचं होतं आणि ते मला हातोडी हातात घेतल्यावरच कळलं.

काल गेले तर फुलं नव्हतीच, नुसती बोंडं. लहानपणी सोमेश्वरला आपण दाबून फोडायचो तीच. एक बोट लावलं, फट्कन बी उडालं आणि साल गुंडाळी होऊन हातात राहिलं. ती साल पण वाळवलीय, खालच्या कोपऱ्यात लावणार आहे, मग वार्निशचा एक हात आणि संपलं.

आता तुझं काम. फॉर्मसोबत १५० शब्दांची नोट मागितलीय, चित्रामागचा विचार वगैरे. चार वेळा लिहिली, चारही वेळा निबंध झाला. तुला हे पत्र लिहिताना मात्र सगळं भराभर येत गेलं. तर तूच यातले १५० शब्द निवड, तुला जे खरे वाटतील ते, आणि शुक्रवारच्या आत पाठव. नाव अजून ठरत नाहीये, आत्ता पेन्सिलने 'बांध' लिहून ठेवलंय, तुला दुसरं सुचलं तर तेही कळव.

तुझीच,
ताई नाही, नुसती मैत्रीण