मिलिंदास पत्र : कर्नाळ्याला ये, पण घरट्यासाठी नको

नवीन पनवेल,
१४ जून

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तू कॅमेरा घेतलास हे ऐकून फार बरं वाटलं. इतकी वर्षं सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर नुसती दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडलास, आता जे पाहिलंस ते दुसऱ्यालाही दाखवता येईल. फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. कर्नाळ्याला येताना कोणती लेन्स आणू, आणि तिबोटी खंड्याचं घरटं दाखवशील का? लेन्सचं पुढे सविस्तर लिहितो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. घरटं मी दाखवणार नाही. पक्षी मात्र नक्की दाखवीन, आणि नीट दाखवीन.

आधी ही जागा किती लहान आहे ते ध्यानात घे. तुमच्याकडे नजर पोचेल तिथवर माळ. इथे तसं काही नाही. कर्नाळा अभयारण्य १९६८ साली जाहीर झालं तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. २००३ मध्ये हद्द वाढवली, तेव्हा कुठे ते १२.११ चौरस किलोमीटर झालं. मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पनवेल दर पावसाळ्याला डोंगराच्या जरा आणखी जवळ सरकलेलं दिसतं, पलीकडे आता विमानतळही सुरू झालाय. गाडीतून जाणाऱ्याला हे जंगल केव्हा आलं आणि केव्हा संपलं ते कळतही नाही. आणि एवढ्याशा जागेत दीडशेच्या वर जातींचे पक्षी आहेत! भेकरं आहेत, वानरं आहेत, रानडुकरं आहेत. तुझ्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे होते, हे अभयारण्य घडवण्यात त्यांचा हात आहे. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. दारातून आत शिरताना मला अजून त्यांची आठवण होते.

आता त्या पक्ष्याकडे येतो. तिबोटी खंड्या म्हणजे चिमणीपेक्षाही लहान जीव, वजन जेमतेम १५-२० ग्रॅम. लालभडक चोच, पिवळंधमक पोट, डोक्यावर जांभळट नारिंगी झाक आणि पंखांवर गडद निळा रंग. एवढे रंग असूनही नाल्याकाठच्या अंधारात बसला की दिसत नाही. आधी कानाला कळतो. बारीक, टोकदार 'ची' असा आवाज पाण्यावरून सरकत जातो, मग नजर त्या दिशेला फिरवायची. पावसाच्या तोंडावर तो कोकणात येतो, ओढ्याच्या मातीच्या उभ्या काठात नर-मादी मिळून हातभर बोगदा कोरतात, आत अंडी घालतात. सतरा-अठरा दिवस उबवण, पुढे वीसेक दिवस पिल्लांना भरवणं. पाऊस ओसरला की मंडळी दक्षिणेकडे सरकतात. म्हणजे वर्षभरात त्यांच्या हातात विणीचे एवढेच महिने, आणि तेही धो धो पावसाचे. नाल्याला लोंढा आला की काठ ढासळतो आणि बोगदा वाहून जातो. निसर्गाचाच धोका एवढा असताना त्यात आपली भर कशाला?

गेल्या पावसाळ्यात मी एका नाल्यापासून बऱ्यापैकी लांब बसलो होतो. पलीकडच्या काठाला छत्र्या, तिपाया आणि मोठमोठ्या लेन्स घेऊन बरीच मंडळी दाटीवाटीने बसली होती. खंड्या आला. चोचीत सापसुरळी होती. ती त्याने फांदीवर आपटून आपटून मऊ केली, मग चोचीतच फिरवून तिचं डोकं पुढे घेतलं. ही खूण लक्षात ठेव. स्वतः गिळायचं असेल तर खंड्या भक्ष्याचं डोकं आपल्या घशाकडे करतो आणि पिल्लाला द्यायचं असेल तर बाहेरच्या बाजूला, म्हणजे पिल्लाला सरळ गिळता येतं. तर तो तसाच बसून राहिला. डोकं खालीवर, खालीवर. बोगद्याच्या दिशेने झेपावला आणि अर्ध्यातून परत फिरला. दुसऱ्या फांदीवर गेला. पुन्हा तेच. समोर कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट चाललेला, कारण चोचीत सापसुरळी धरलेला खंड्या म्हणजे सगळ्यांना हवा असलेला फोटो. फोटोत तो फार सुंदर दिसत असणार. पण तो तिथे बसला होता तो घरी जाता येत नव्हतं म्हणून. मिलिंद, हे एकदा कळलं की तसला कुठलाही फोटो समोर आला तरी त्या फांदीमागचं भुकेलं बीळच डोळ्यापुढे येतं.

शिवाय लोक काय काय करतात! तोंडापुढची डहाळी आड येते म्हणून छाटतात. त्या डहाळीच्या आडोशाला ते बीळ सापापासून आणि कावळ्यापासून लपलेलं असतं. काठाच्या वर उभे राहतात, आणि खाली पोकळ झालेली ओली माती खचते. पक्षी हवा तिथे बसावा म्हणून नाल्यात काठी रोवून ठेवतात. मोबाइलवर त्याचा आवाज लावतात, मग तो बिचारा प्रतिस्पर्धी आला समजून अंडी सोडून धावत येतो. मोठ्या जंगलात अशी एखादी टोळी कुठे तरी विरून जाते. इथे घरट्याजोगे नाले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यामुळे एका नाल्यावर गर्दी झाली की त्या वर्षीची बरीचशी वीण तिथेच धोक्यात येते.

आणि हे नुसतं माझं मत आहे असं समजू नकोस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे, आणि वन्य पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं त्या व्याख्येतच बसवलेलं आहे. बंदूक घेऊन आलेला आणि घरट्यापाशी लेन्स लावून बसलेला, दोघे कायद्याच्या लेखी एकाच रांगेत येऊ शकतात. मला हे कलम फार शहाणपणाचं वाटतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी पक्ष्याच्या बाजूने विचार केला होता.

मग फोटो काढायचा कुठे? पायवाटेवरून. हरियाल आणि मोरटाका अशा दोन वाटा इथे आखलेल्या आहेत. दोन्ही वाटांना नाले आडवे येतात आणि खंड्या मासे-खेकडे शोधत त्या नाल्यांवर उतरतो. एखादं वळण निवडायचं, झाडाला पाठ लावून खाली बसायचं आणि हलायचं नाही. पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच ठेव असं मी तुला आग्रहाने सांगेन. त्या तासात कोण कुठून येतं, कुठल्या फांदीवर टेकतं, कुणाच्या ओरडण्याने बाकीचे गप्प होतात हे सगळं कळायला लागतं. मग कॅमेरा काढलास की तो आपोआप बरोबर जागी रोखला जातो. आणि चोचीतल्या भक्ष्याचं डोकं पुढे दिसलं, की उठायचं आणि चार पावलं नव्हे, चांगलं लांब जायचं. माझा हा नियम तुलाही पाळावा लागेल, सोबत यायचं तर.

आता लेन्स. माळावर तुला उजेड भरपूर आणि पक्षी लांब, म्हणून तिथे सहाशे मिलिमीटरची लेन्स लागते. इथे उलटं. पक्षी वीस-तीस फुटांवर असतो, पण पावसाळ्यात साग-ऐनाच्या छताखाली सकाळी नऊलाही संध्याकाळ वाटते. लांब पल्ल्यापेक्षा जास्त उजेड घेणारी लेन्स कामाची. तीनशे किंवा चारशे पुरते, अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं तोंड, जेवढं मोठं तेवढं बरं. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ३२०० वर न्यायला घाबरू नकोस, ६४०० लाही नको. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो चालत नाही. तिपाई चिखलात रुतते आणि वाट अडवते, एकपायी स्टँड आण. फ्लॅश घरी ठेव. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा उघडलास तर काच धुरकटणार, तेव्हा वीस मिनिटं पिशवीतच राहू दे. घरी गेल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवायचा, नाहीतर कोकणातली हवा लेन्सच्या आत बुरशी धरते. सोलापूरच्या कोरड्या हवेत तुला हा अनुभव नसेल.

एका खंड्यासाठी सगळी सकाळ देऊ नकोस, हेही सांगून ठेवतो. शीळकरी कस्तुर पहाटे ओढ्यावर अशी शीळ घालतो की वाटेत कुणी माणूस वाजवतोय असं वाटतं. बघायला जावं तर काळा पक्षी, पण उजेडाचा कवडसा पडला की खांद्यावरचा निळा रंग पेटतो. तो क्षण पकडायला खूप बसावं लागतं आणि तो बसण्यालायक आहे. शेपटीच्या दोन लांब तारांना पिसांची टोकं मिरवणारा भृंगराज इथे भरपूर. तो इतरांचे आवाज हुबेहूब काढतो, त्यामुळे कानावर फार विसंबू नको. स्वर्गीय नर्तक, श्यामा, पाचू कवडा, नशीब असेल तर कर्णा. नीलवंत फुलपाखरू ओल्या मातीवर उतरलं तर पोटावर झोपून त्याच्या उंचीला जा. २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे आणि ते बसतं तेव्हा माणसाची फारशी फिकीर करत नाही.

अभयारण्यातला कर्नाळा गड मात्र पावसात नको. कातळ निसरडा असतो. फेब्रुवारीत परत ये, तेव्हा काटेसावर आणि पांगारा फुललेला असतो, पानं गळालेली आणि फांदी न् फांदी मैना-बुलबुल-कोतवालांनी गजबजलेली. त्या दिवसांत उजेडही चांगला मिळतो आणि गड चढताही येतो. दोन-अडीच तासांची चढण, वर कर्णाई देवीचं देऊळ, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, आणि मधोमध तो उभा सुळका. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी हा गड घेतला, पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये परत आला. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा इथले किल्लेदार, त्यांचं शिरढोण गाव इथून जवळच. सुळक्यावर आग्या मोहोळं लटकलेली असतात. तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही चालत नाही. निरभ्र सकाळी वरून प्रबळगड, माणिकगड, माथेरान दिसतात आणि पश्चिमेला खाडी आणि मुंबईच्या इमारती. इतकं मोठं शहर आणि पायाखाली भेकराची लेंडी, हे दोन्ही एका जागी उभं राहून पाहता येतं, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

महामार्गावर गाड्या थांबवून माकडांना बिस्किटं टाकणारे दिसतील, तुझा जीव तुटेल. खाण्याच्या आशेने माकडं रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात. बरोबर मुलं असली तर त्यांना हे आधीच समजावून आण. आपल्या शब्दापेक्षा मुलांचं सांगणं मोठी माणसं जास्त ऐकतात.

येण्याचं असं कर. आषाढीला तुमच्याकडे पंढरपूरची गर्दी, एसटीत पाय ठेवायला जागा नसते. एकादशी होऊन जाऊ दे, मग ये. तेव्हा पिल्लांचे दिवस भरात असतात आणि खंड्या सतत फेऱ्या मारत नाल्यांवर दिसतो. पुण्याहून पनवेलची एसटी मिळेल, स्टँडवर मी घ्यायला येतो. पहाटे पेणकडे जाणारी पहिली गाडी पकडली की बारा-एक किलोमीटरवर अभयारण्याचं दार. कॅमेऱ्याचं शुल्क तिथेच भरायचं. प्लॅस्टिकची नोंद करून अनामत घेतात, म्हणून पाणी स्टीलच्या बाटलीत घे. जळवांचा त्रास नाही, डास मात्र आहेत. पूर्ण बाह्यांचा, मळखाऊ रंगाचा शर्ट आण. तो तुझा पांढरा टी-शर्ट नको.

मोनूला घेऊन आलास तर फार आनंद होईल. तिच्यासाठी माझी जुनी दुर्बीण पुसून ठेवतो. वहिनींना नमस्कार, काकांची तब्येत कशी आहे ते कळव. आणि तारीख लवकर ठरव, म्हणजे मला रजा टाकता येईल.

तुझा,
श्रीधर