अधिवेशन विमानतळाशेजारीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या खत-बियाणे विक्रेता संघटनेचे विभागीय अधिवेशन पुन्हा छत्रपती संभाजीनगरलाच होणार, ही बातमी कालच्या अंकात वाचली. 'सर्व शहरांचा साधकबाधक विचार करून' निवड झाली म्हणे. विचार करणारी मंडळी कुठे राहतात तेही छापले असते, तर आम्हा वाचकांचे डोके कमी खर्ची पडले असते.

कारणे दिली आहेत ती अशी: विमानतळ, मोठी हॉटेले, समृद्धी महामार्ग आणि पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवण्याची सोय. आमचे सभासद म्हणजे तालुक्याच्या गावी खत-बियाण्याचे दुकान चालवणारी माणसे. देगलूर, निलंगा, औंढा, परंडा इथून विमानाने कोण येणार आहे, ते अध्यक्षांनी एकदा जाहीर करावे, आम्ही हार घेऊन उभे राहू. समृद्धी मराठवाड्यात जालना आणि संभाजीनगर या दोनच जिल्ह्यांतून जातो. उरलेल्या सहा जिल्ह्यांना त्याचा उपयोग फोटो बघण्यापुरता. आणि वेरूळ-अजिंठ्याचे नाव जागतिक वारसा यादीत १९८३ पासून आहे. लेणी कुठे पळून चाललेली नाहीत. ज्यांना बघायची आहेत त्यांनी लेकराबाळांना घेऊन सवडीने बघावीत, अधिवेशनाच्या वेळात कशाला?

हे मी उगाच म्हणत नाही. मागच्या खेपेला याच शहरात अधिवेशन झाले, तेव्हा मी आणि आमच्या बाजारपेठेतले आणखी एक दुकानदार उदगीरहून रात्रीच्या एसटीने निघालो. अहमदपूर, अंबाजोगाई, बीड, गेवराई करत तीनशे किलोमीटरच्या वर अंग आंबवून घेतले आणि पहाटे बसस्थानकावर उतरलो. शुल्काच्या पावतीवर 'निवास व भोजनासह' असे छापलेले. हॉटेलवर गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, रूम दुपारी मिळेल." मग बसायचे कुठे? समोरच्या सोफ्यांवर कंपन्यांची बॅनरे आणि भेटवस्तूंचे खोके रचलेले. आम्ही परत स्टँडवर आलो, नळावर तोंडे धुतली, चहा घेतला आणि पिशव्या काखोटीला मारून पुन्हा हॉटेल गाठले. दुपारी कळले की आमची खोली त्या हॉटेलात नाहीच, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका लॉजवर आहे. हॉटेलातल्या खोल्या पदाधिकाऱ्यांना आणि प्रायोजक कंपन्यांच्या साहेबांना.

तेही सोसले असते. पण मी गेलो होतो एक प्रश्न घेऊन. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकायची, हा सरकारने बांधून दिलेला भाव. ती गोणी आमच्या दुकानापर्यंत येताना तिच्यासोबत न खपणारा माल आमच्या गळ्यात मारला जातो. हे लिंकिंग सगळ्यांना माहीत आहे, कागदावर मात्र कुठेच नाही. तो माल शेतकऱ्याच्या माथी मारला तर तो चार शिव्या घालून जातो, नाही मारला तर आमचा पैसा गोदामात पडून राहतो. तपासणी आली की नोटीस दुकानदाराला. संघटनेने कंपन्यांशी यावर लेखी काय बोलणे केले, एवढेच मला विचारायचे होते. कार्यक्रमपत्रिकेत दुपारी ३ वाजता 'खुली चर्चा' होती. भाषणे लांबली आणि चर्चा सुरू होते न होते तोच सूत्रसंचालकांनी सांगितले की पाहुण्यांना वेरूळला निघायचे आहे, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. दिला लिहून. उत्तर अजून वाटेतच असावे, बहुधा गेवराईच्या आसपास.

संध्याकाळी वर्गणीवाढीचा ठराव 'सर्वानुमते' मंजूर झाला. तोवर हिंगोली, नांदेड, लातूरकडचे लोक परतीच्या गाडीला लागले होते. दुकान दोन दिवस बंद ठेवणे आम्हाला परवडत नाही, साहेब. अधिवेशन कुठल्या गावी घ्यायचे हे ठरले की शेवटच्या ठरावाला हॉलमध्ये कोण उरणार हेही ठरून जाते. हे पदाधिकाऱ्यांना कळत नाही असे मी म्हणणार नाही, ती हुशार माणसे आहेत. जेवणावळीचा खर्च कंपन्या करतात आणि कंपन्यांच्या साहेबांना विमान आणि एसी लागतो. बातमीत हे कारण तेवढे राहून गेले.

यावर 'दुसरे शहर सांगा' असे म्हणतील. सांगतो. परभणी. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' एवढेच ज्यांना तिच्याबद्दल ठाऊक आहे त्यांनी नकाशा उघडावा. मनमाडकडची, नांदेडकडची आणि परळीकडची रेल्वे तिथे मिळते. आमच्या उदगीरची लाईन लातूर रोड, परळी करत तिथेच येते. किनवटकरांना नंदीग्राम एक्सप्रेस आहे. मुंबईच्या पाहुण्यांची काळजी असेल तर जालन्यापर्यंत येणारी वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून परभणीवरून नांदेडला जाते, एसीसकट. शिवाय कृषी विद्यापीठ तिथे आहे, १९७२ पासून. बियाण्याच्या धंद्यातल्या लोकांनी विद्यापीठ सोडून हॉटेलात जमावे, याचे कुणालाच काही वाटत नाही? परभणीत पंचतारांकित सोय नाही, मान्य. गावातल्या रस्त्यांबद्दल परभणीकर स्वतःच माझ्यापेक्षा जास्त बोलतील.

पण सोय नाही म्हणून काही अडते हे मला पटत नाही. एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या उदगीरला झाले, तीन दिवस, तेही भर उन्हात. उदगीर हा जिल्हाही नाही, तालुका आहे. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झाले, आताचे धाराशिव. परभणीने तर १९९५ मध्येच नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन पार पाडले. तेव्हा कुणी विमानतळ विचारला नव्हता. साहित्यिकांचे जिथे भागते तिथे खत-बियाणेवाल्यांचे भागत नाही, एवढे आम्ही कधीपासून नाजूक झालो?

तारखेचेही तसेच. मेचा शेवटचा आठवडा धरला आहे. उन्हाळ्यात पर्यटक नसतात, हॉटेलवाले भाव उतरवतात, हे उघड आहे. पण तेच दिवस आमचे माल उतरवून घेण्याचे. पेरणीच्या तोंडावर दुकानाला कुलूप लावून भाषणे ऐकायला कोण जाणार? की कुणी येऊच नये, हीच योजना आहे?

जाता जाता आपल्याबद्दलही एक. आमच्या आवृत्तीत सोयाबीनचा भाव लातूर बाजार समितीचा छापता, उदगीरचा नाही. उदगीरला मोठी मोंढा बाजारपेठ आहे आणि दोन्हीकडचे भाव रोज सारखे नसतात. शेतकरी आपला पेपर घेऊन दुकानात येतो आणि 'इथं एवढा लिहिलाय, मग मोंढ्यात कमी का?' म्हणून माझ्याशी भांडतो. एक ओळ वाढवायला जागा नसेल तर अधिवेशनाच्या बातमीतला पदाधिकाऱ्यांचा फोटो जरा लहान करावा.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक
उदगीर, जि. लातूर