जुन्या गोव्याला तुम्ही दोघांनी यायचंच आहे

प्रिय आई आणि बाबा,

सा. न. वि. वि.

व्हॉट्सॲपवर एवढं लांबलचक पाठवलं की बाबा अर्ध्यात सोडतात आणि आईचा व्हॉइस मेसेज ऐकून होईपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होतात, म्हणून यावेळी लॅपटॉपवर टाईप करून चांगल्या ठळक मोठ्या अक्षरात प्रिंट काढलीय. ह्यांचा मित्र कराडला चाललाय त्याच्या हातात देतेय. बाबा, चष्मा लावून एका बैठकीत वाचा आणि "चर्च बघायला कशाला एवढ्या लांब मरायला जायचं" हे आधीच ठरवून वाचायला घेऊ नका प्लीज.

तर आम्ही गोव्याला जाऊन आलो. बीचवर एक संध्याकाळ काढली तेवढीच, बाकी सगळा वेळ जुन्या गोव्यात आणि आसपास. खरं सांगायचं तर मी तुमच्यासाठीच बघून आले, कुठे किती चालावं लागतं, पायऱ्या किती, सावली कुठे, बसायला बाक आहेत का. चिनू म्हणाली आई तू चर्च बघतेस का पायऱ्या मोजतेस.

पणजीपासून जुनं गोवं जेमतेम नऊ-दहा किलोमीटर, मांडवीच्या कडेकडेने रस्ता, रायबंदरवरून. पोचलं की पहिल्यांदा गोंधळायला होतं, कारण चर्च मोठमोठी, हिरवळ मोठी, आणि मधे गावच नाही! एकेकाळी हीच पोर्तुगीजांची राजधानी होती, मग साथींवर साथी आल्या, माणसं मरत गेली, उरलेली पणजीकडे सरकली, शेवटी १८४३ ला राजधानीच अधिकृतपणे पणजीला नेली. घरं गेली आणि देवाची घरं तेवढी राहिली.

बॉम जेझसची बासिलिका म्हणजे ते फोटोत असतं ते लालसर चर्च. १५९४ ला बांधायला घेतलं आणि १६०५ ला पूर्ण झालं. बाकीची सगळी चर्च पांढरीशुभ्र आणि हे एकच असं उघडं का, तर १९५० च्या दशकात त्याचा गिलावा काढून टाकला, म्हणून आतला जांभा दिसतो. आता पावसाने जांभा झिजतो म्हणून परत गिलावा करावा की नको यावर वाद आहे. मला विचाराल तर करावा, फोटोपेक्षा भिंत महत्त्वाची. दर्शनी भागात कोरीव काम आहे ते मात्र काळ्या दगडात, तो दगड म्हणे वसईहून आणलेला. बाबा तुम्ही तिथे किमान अर्धा तास तोंड वर करून उभे राहणार हे मला दिसतंय, म्हणून मानेचा पट्टा बरोबर घ्यायचा.

आत आईसाठी सांगते. सेंट फ्रान्सिस झेवियर, गोव्याची माणसं त्यांना गोंयचो सायब म्हणतात, त्यांचं पार्थिव तिथे चांदीच्या पेटीत आहे. पेटी १६३० च्या दशकात गोव्याच्याच सोनारांनी घडवली. माणूस स्पेनकडचा, नावारचा, १५४२ ला गोव्यात आला, नंतर जपानपर्यंत जाऊन आला, आणि १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. तिथून मलाक्का, आणि मग १५५४ ला गोवा, असा मेल्यानंतरचा प्रवास. उजवा हात तर १६१४ ला रोमला नेला, तो अजून तिकडेच आहे. हे ऐकून चिनूने "ईईई" केलं तेव्हा ह्यांनी तिला डोळे वटारले, कारण आत शांतता ठेवायची असते.

पेटी अगदी उंचावर आहे. खाली संगमरवराचा रंगीबेरंगी चौथरा, तो इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला, फ्लॉरेन्सच्या फोजिनी नावाच्या शिल्पकाराने केलेला, १६९८ ला इथे बसवला. त्यावर ब्राँझचे पत्रे आहेत, त्यात झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग. पण हे सगळं मी नंतर बघितलं. आधी लक्ष गेलं ते माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे. साधी सुती साडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत झेंडूची माळ. त्यांनी पदराचं टोक कठड्यावरून हळूच फिरवलं आणि ते आधी स्वतःच्या डोळ्यांना आणि मग बरोबरच्या नातवाच्या कपाळाला लावलं, तोंडाने कोकणीत काहीतरी पुटपुटत, पोरगा कंटाळून चुळबुळ करतोय. आई, तू पंढरपूरला नामदेव पायरीशी अगदी हेच करतेस ना! मी बघतच राहिले. मला तिथे हात जोडावे की नाही कळत नव्हतं, तुला तो प्रश्नच पडला नसता, तू सरळ जोडले असतेस.

मेणबत्त्या आणि फुलं बाहेर मिळतात. बिनबाह्यांचे कपडे, हाफ पँट चालत नाही, तुझा तो प्रश्न नाही पण बाबांनी बर्म्युडा आणू नये.

३ डिसेंबरला फेस्त म्हणजे झेवियरचा सण असतो, त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना म्हणजे प्रार्थना, तेव्हा लांबलांबहून लोक चालत येतात, आपल्या सिंधुदुर्गातून, बेळगावकडून सुद्धा. म्हणजे वारीच. जत्रेत खाजंबिजं मिळतं. त्या गर्दीत तुम्हाला मी नेणार नाही. पार्थिव खाली उतरवून जवळून दर्शन देतात ते दहा वर्षांतून एकदा, मागचं नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ झालं, आता २०३४. तोपर्यंत थांबायचं नाहीये, उंचावरची पेटी पुरे आपल्याला.

आता बाबा, तुमचा मुद्दा. फोनवर म्हणालात ना की पोर्तुगीजांनी देवळं पाडली आणि आपण त्यांची चर्च बघत फिरायचं. पाडलीच, खोटं नाही ते. आणि ज्यांच्या पेटीपुढे लोक रडतात त्याच झेवियरनी १५४६ ला पोर्तुगालच्या राजाला लिहून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, मागितलं होतं, ते १५६० ला सुरू झालं, झेवियर वारल्यावर आठ वर्षांनी, आणि १८१२ पर्यंत चाललं. समोरच्या से कॅथेड्रलमध्ये मोठी सोन्याची घंटा म्हणतात ती आहे, शिक्षा जाहीर करायचे तेव्हा तीच वाजवायचे असं सांगतात. ही गोष्ट तिथे उभं राहून ऐकली की अंगावर काटा येतो. पण मला वाटतं हे घरी बसून रागावण्यापेक्षा तिथे जाऊन बघावं, दोन्ही गोष्टी एकाच जागी दिसतात, त्या बाईंची माळ पण खरी आणि ती घंटा पण खरी. आणि पुण्यात क्वार्टर गेटवरून जाताना स्कूटर हळू करून "सवाई माधवरावांनी १७९२ ला ह्या चर्चला जागा दिली बरं का, पेशव्यांच्या फौजेत कॅथलिक होते" हे रास्ता पेठेत असताना कोण सांगायचं मला? तुम्हीच!

तुमच्यासाठी खास म्हणजे त्याच दिवशी सप्तकोटेश्वर होतो. से कॅथेड्रलवरून खाली नदीकडे गेलं की व्हाइसरॉयची कमान लागते, वास्को द गामाच्या पणतूने बांधलेली, तिच्यातून पुढे गेलं की फेरीबोट. गाडीसकट चढायचं, लोखंडी फळी खडखडत खाली पडते, मोटारसायकली आधी घुसतात, कोणी कोणाचं ऐकत नाही, आणि काही मिनिटांत दिवाडी बेटावर. सप्तकोटेश्वर मूळचा ह्या बेटावरचा, गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं दैवत. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेलं, आणि तिथलं देऊळ महाराजांनी १६६८ ला बांधवून घेतलं. शके १५९० चा शिलालेख आहे तिथे, शिवरायांच्या नावाचा, तुम्ही तो बोटाने अक्षर अक्षर लावत वाचणार. बेटावरून नार्व्याला जायला दुसरी फेरी आहे. देऊळ मोठं नाही, कौलारू, गर्द झाडीत, पुढे दीपमाळ, मागच्या काही वर्षांत दुरुस्त केलंय. बेटाच्या टेकडीवर पिएदादचं चर्च आहे, त्याच्या स्मशानातल्या छोट्या चॅपेलमध्ये कदंबांच्या देवळाचे कोरीव दगड अजून आहेत. तिथपर्यंत गाडी जाते.

गुडघ्यांचं सांगते. बासिलिका आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या आमनेसामने आहेत, मधे हिरवळीतून सपाट वाट. सेचा एक मनोरा १७७६ ला पडला तो परत बांधलाच नाही, त्यामुळे इमारत एका बाजूने लंगडी दिसते, बाबा तुम्हाला जोडीदार मिळेल. सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा टेकडीवर आहे पण तिथेही गाडी वरपर्यंत जाते. मूळ ४६ मीटरचा, आता निम्माच उभा आहे, जांभ्याचा नुसता सुळका. चिनूला सगळ्यात जास्त हेच आवडलं, कारण जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष इथे सापडले. १६२४ ला इराणमध्ये तिला मारलं, ऑगस्टीनियन साधूंनी तिची हाडं गोव्याला आणली, आणि आपल्या हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेने डीएनए तपासून ओळख पटवली, मग २०२१ ला जॉर्जियाला एक भाग भेट दिला. त्या रात्री झोपेपर्यंत राणीच चालू होती. माउंटचं चॅपेल आपण गाळायचं, तिथे चढ आहे.

मंगेशीला जाणारच, ते काही लांब नाही, आणि आईला सांगायची गरज नाही. तोही देव मूळचा कुठ्ठाळीचा, १५६० ला नदी ओलांडून प्रियोळला आणलेला.

जेवणाचं मात्र विचारू नका, चर्चच्या जवळ एका ठिकाणी फिश थाळीच्या नावाखाली इवलासा बांगडा आणि पाणचट आमटी, भाव पुण्याच्या वर. आई, तू गुळपोळ्या आणि मेथीचे ठेपले कर, आपण दुपारचं झाडाखाली खाऊ.

आता प्लॅन. आम्ही पुण्याहून पहाटे निघू, कराडला तुमच्याकडे चहा घेऊन तुम्हाला गाडीत घालू, आंबोलीने उतरू, मधे कोल्हापूरला थांबू म्हणजे पाय मोकळे होतील. होळीच्या आधी जायचं, नंतर जांभा तापतो आणि उन्हात उभं राहवत नाही. पणजीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्यात, कमोड आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे, मी हलवून बघितलाय. बाबा, डॉक्टरांना आधी गुडघा दाखवा आणि ते लांबच्या प्रवासाचं काय म्हणतात ते मला त्याच दिवशी फोन करून सांगा, आईकडून निरोप नको, ती निम्मं लपवते. खोल्यांचा ॲडव्हान्स शुक्रवारपर्यंत भरायचाय, तेव्हा गुरुवारी रात्री फोन करते, हो म्हणायची तयारी ठेवा.

तुमची,
मनू