जुलाबावरची गोळी आणि आकडी

संपादक महोदय,

पावसाळ्यात इंदुरात पोटं बिघडली की मेडिकलवरून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ओफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल किंवा सिप्रोफ्लोक्सासिन या अँटिबायोटिकची पट्टी घरी येते. पट्टीवरची लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी खूणच. या गोळ्यांनी काहींना आकडी येऊ शकते, हे मात्र काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही.

मेंदूच्या पेशींना आवर घालणाऱ्या 'गाबा' या रसायनाच्या कामात ही औषधं अडथळा आणतात. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल, तर सिप्रोफ्लोक्सासिनमुळे ते रक्तात साचतं आणि त्यानेही आकडी येते. धडधाकट माणसाला असं क्वचितच होतं. जपायला हवं ते अपस्मार असलेल्यांना, पक्षाघात होऊन गेलेल्यांना आणि म्हाताऱ्यांना.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत मुख्य प्रश्न मूत्रपिंडाचा. रिपोर्टात क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.४ दिसलं की घरचे म्हणतात, थोडंसंच वाढलंय. पण ८० वर्षांच्या, ४५ किलोच्या आजींचं मूत्रपिंड किती गाळतं याचा हिशेब मांडा. १४० मधून वय वजा करून ६०, त्याला वजनाने गुणून २७००. त्याला ७२ गुणिले १.४ ने भागायचं आणि स्त्री असल्याने ०.८५ ने गुणायचं. उत्तर मिनिटाला जेमतेम २३ मिली. हा आकडा ३० च्या खाली गेला की सिप्रोफ्लोक्सासिनचा डोस कमी करावा लागतो. ५०० ची गोळी नेहमीसारखी दोन वेळा दिली, तर औषध अंगात साचत जातं.

दवाखान्यात दिलं जाणारं सेफेपिम हे अँटिबायोटिकही असंच साचतं. मग रुग्ण असंबद्ध बोलतो, टक लावून बघतो, हातांना बारीक झटके येतात. वय झालंय म्हणून याकडे दुर्लक्ष होतं, ही फार वाईट गोष्ट आहे. ती आकडी असू शकते आणि ईईजीशिवाय, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखाशिवाय, पकडता येत नाही.

अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांच्या नातेवाइकांनी मेरोपेनेम या अँटिबायोटिकचं नाव ऐकताच डॉक्टरांना व्हॅल्प्रोएटची आठवण करून द्यावी. एक-दोन दिवसांत व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी कोसळते आणि डोस वाढवूनही ती सहसा सावरत नाही.

साध्या जुलाबाला ओआरएस पुरतं: मोठं पाकीट १ लिटर पाण्यात. शौचात रक्त किंवा जोराचा ताप असेल तर डॉक्टर गाठावा आणि पूर्वीची आकडी, शेवटचं क्रिएटिनिन, चालू गोळ्या हे न विचारता सांगावं. अपस्माराची गोळी मनाने बंद करू नये. आकडी ५ मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठावा, आणि अँटिबायोटिकची पट्टी सोबत न्यावी.

— एक फार्मासिस्ट, रामबाग, इंदूर