डायनिंग कार इतर गाड्यांनाही हवी

संपादक महोदय,
१ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनची डायनिंग कार आजही टिकून आहे. २०२२ मध्ये एलएचबी हे नव्या बनावटीचे डबे आले, तेव्हाही रेल्वेने ती काढली नाही, याबद्दल मनापासून आभार!

संध्याकाळी पुण्याकडे येताना कर्जतला मागून गाडी चढावर ढकलणारी बँकर इंजिने जोडली जातात आणि घाट सुरू होतो. तेव्हा टेबलावर गरमागरम चीज टोस्ट, सॉसची बाटली, आणि पावसाळा असेल तर खिडकीबाहेर धबधबेच धबधबे. समोरचा अनोळखी माणूस ‘घ्या ना’ म्हणत कटलेटची बशी पुढे सरकवतो. मांडीवर ठेवून खाल्लेल्या पार्सलला याची सर नाही.

कोकण रेल्वेच्या दिवसा धावणाऱ्या एखाद्या गाडीलाही असा डबा जोडावा, ही विनंती. मांडवी एक्स्प्रेसमधल्या खाण्याचे प्रवासी कौतुक करतातच, पण ते आपल्या जागेवरच खावे लागते. तिथे टेबलावर आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी मिळाली तर किती बहार येईल!

आणि पासधारक मित्रांनो, खाणे आटोपले की टेबल सोडा. मागे लोक ताटकळत उभे असतात.

– एक पासधारक, शिवाजीनगर, पुणे