त्याला तोडू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मित्राचा नंबर ब्लॉक केल्याचं तू परवा फोनवर सांगितलंस आणि वर म्हणालास, "इतका शिकलेला असून असल्या लोकांच्या नादी लागला, म्हणजे मुळातच मूर्ख असणार." तू चिडलेला होतास म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही. पण तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, म्हणून हे पत्र.

त्याचा गट जे पसरवतो ते विषारी आहे, याबद्दल आपल्यात दुमत नाही. सगळ्या दुःखाचं खापर एका समाजावर फोडायचं आणि रोज नवा व्हिडिओ पाठवून लोकांचा राग धुमसत ठेवायचा, याची मलाही तुझ्याइतकीच चीड येते. फक्त, हुशारी असली की माणूस यातून वाचतो हा तुझा समज खोटा आहे.

२० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला गेला. ओम शिनरिक्यो पंथाचे जे पाच जण ते विष घेऊन गाड्यांत चढले, त्यांत एक हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता, काही जण भौतिकशास्त्र शिकलेले होते. जीव वाचवणं हा ज्याचा पेशा, त्याने छत्रीच्या टोकाने विषाच्या पिशव्या फोडल्या. अशा माणसांची बुद्धी बंद पडत नाही. ती गुरूचं म्हणणं खरं ठरवण्याच्या कामाला लागते, आणि बुद्धी जितकी तल्लख, तितकं ते काम सफाईने होतं.

मग माणसं आत जातातच का? जोन्सटाउनचं नाव तू ऐकलं असशील. १८ नोव्हेंबर १९७८ ला दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या जंगलातल्या त्या वसाहतीत नऊशेहून जास्त माणसं मेली, बहुतेक सगळी सायनाइडने. त्यांत तीनशेच्या आसपास मुलं होती. एवढंच ऐकलं की ती सगळी वेडी होती असं वाटतं. पण ती वसाहत उभारणाऱ्या जिम जोन्सने १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये आपला पंथ सुरू केला, तेव्हा तिथे काळे आणि गोरे शेजारी शेजारी बसत होते, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. पंथ भुकेल्यांना जेवू घालत होता, म्हाताऱ्यांना सांभाळत होता. जोन्सटाउनमध्ये मेलेल्यांत बहुसंख्य काळे होते. आयुष्यभर ज्यांना हिणवलं गेलं, त्यांना तिथे कुणीतरी मान देऊन बसवलं. ती माणसं मरायला गेली नव्हती रे, माणूस म्हणून जगायला मिळेल या आशेने गेली होती. मग हळूहळू घरदार पंथाच्या नावावर झालं, पेन्शन त्यांच्या हवाली झाली, गयानात पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतले गेले. शेवटच्या दिवशी भोवती बंदूकवाले उभे होते. तोवर मागे फिरायला घरच उरलं नव्हतं.

आता तुझ्या मित्राकडे बघ. नोकरी गेल्यावर तो महिनोन् महिने मुलाखती देत होता, हे तूच मला सांगितलं होतंस. त्या काळात त्याला रोज फोन करणारे, त्याचं तासन् तास ऐकून घेणारे हेच लोक होते. विचार नंतर आले, आधी आली ती विचारपूस. त्याच्या मनातला राग खरा होता. तो कुणावर काढायचा, ते मात्र त्यांनी ठरवून दिलं.

आणि तू? तुमच्या पिढीत प्रिव्हिलेजबद्दल, म्हणजे आयत्या मिळालेल्या फायद्यांबद्दल, पुष्कळ बोललं जातं, तूही बोलतोस. पण ते बोलणं नेहमी पैशाबद्दल आणि जन्माबद्दल असतं. पाठीशी माणसं असणं हेही प्रिव्हिलेजच आहे. कुणी तुला दारातून परत पाठवलेलं नाही. एक नोकरी सुटली तर दुसरी मिळेपर्यंत आम्ही पाठीशी आहोत, हे तुला न सांगता ठाऊक असतं. असल्या गटाची तुला कधी गरजच पडली नाही. तू त्यांच्या वाटेला गेला नाहीस यात तुझ्या विवेकाचा वाटा आहेच, पण या आधाराचा वाटा किती, ते एकदा शांतपणे तपासून बघ.

आपलं-परकं करायला फार काही लागत नाही, हेही लक्षात ठेव. हेन्री ताजफेल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ज्यूंच्या संहारात त्यांचं कुटुंब गेलं, आणि माणसं अशी का वागतात हा प्रश्न त्यांनी पुढे अभ्यासाला घेतला. १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्यांनी शाळकरी मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार तुमचे गट पाडले आहेत असं सांगितलं. खरं तर वाटणी कशीही केली होती. मग प्रत्येकाला इतरांमध्ये थोडे पैसे वाटायला दिले. स्वतःला काही मिळणार नव्हतं, गटात कोण आहे हेही माहीत नव्हतं. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. पुष्कळांनी तर आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यांपेक्षा जास्त मिळावं, अशी वाटणी केली. ती मुलं दुष्ट नव्हती. तुमच्या मित्रांच्या ग्रुपवर तुझ्या या मित्राची जी टर उडवली जाते, ती या वाटणीपेक्षा फार वेगळी आहे का, ते तूच ठरव. शिवाय त्याला शिव्या देणाऱ्या प्रत्येकामुळे त्याच्या गटाच्या पुढाऱ्यांचं काम सोपं होतं. "बाहेरचे सगळे तुझा तिरस्कार करतात" हेच तर ते त्याला सांगत असतात.

म्हणून त्याला फोन कर. व्हिडिओ खोटे कसे आहेत, हे पहिल्या फोनवर सिद्ध करायला जाऊ नकोस. घरचे कसे आहेत, झोप लागते का, हे विचार. तो समोर कुणाबद्दल वाईटसाईट बोलला तर मात्र गप्प बसू नकोस. "हे मला मान्य नाही" एवढं सरळ सांग आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन कर. त्याने धमकी दिली किंवा कुणाला इजा करायची भाषा केली, तर मैत्री आड येऊ देऊ नकोस, लगेच मला किंवा त्याच्या वडिलांना कळव.

कधीतरी तो तुला त्यांच्या बैठकीला बोलावेल. गेलास तर एकच गोष्ट विचारून ये: गट सोडून गेलेल्यांबद्दल तुमचं काय मत आहे? जोन्सटाउनमध्ये लिओ रायन हे अमेरिकी खासदार पाहणीला आले, तेव्हा काही जणांनी त्यांच्यासोबत परत जायचं ठरवलं. त्यांच्यावर विमानाच्या धावपट्टीवर गोळ्या झाडल्या गेल्या. रायन तिथेच मारले गेले. सगळेच गट त्या टोकाला जात नाहीत, पण गेलेल्या माणसाचं नाव निघताच चेहरे कसे बदलतात, ते नीट बघ आणि मला सांग.

रविवारी फोनची वाट बघते.

तुझी आई